सात नंबरची अन्नपूर्णा

९ सप्टेंबर, मंगळवार

प्रल्हादची पेटी आज शेवटी कपाटावरून खाली काढली. सहा महिने वर धूळ खात होती. होळी झाल्यावर तो स्वतः घेऊन आला होता खापरखेड्याहून, बसने, दोन पायऱ्या चढला की दम लागत असताना. "मास्तर, अकरा नाणी आहेत. अकरा कार्डं लिहून ठेव. तुह्यं अक्षर चांगलं आहे." आषाढात तो गेला. कार्ड एकही झालेलं नाही. या सहा महिन्यांत मी काय केलं? पेपर वाचला. दुपारी झोपलो.

आज संघमित्राचा फोन आला म्हणून जाग आली. ही प्रल्हादची मुलगी, मित्रा म्हणतो आम्ही तिला, मौद्याला शाळेत शिकवते. दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणार आहे, तिथून आमच्याकडे येऊन पेटी घेऊन जाणार. खापरखेड्याच्या विहारात लहानसं वाचनालय आहे, तिथे बाबांची नाणी काचेत ठेवायची म्हणते. "कार्डं झाली असतील ना काका?"

मी हो म्हणालो. वय अठ्ठ्याहत्तर. गृहपाठ न केलेल्या पोरांना चाळीस वर्षं बाकावर उभं केलं, आणि आज त्यांच्यासारखंच खोटं बोललो.

१० सप्टें., बुध

कार्ड क्र. १. दोन तोंडांचा रोमन देव, जानुस. दाराचा, उंबरठ्याचा, आरंभाचा. नाणं जाड, हातात चांगलं वजन लागतं. पलीकडे जहाजाचं टोक. लिहिता लिहिता आपोआप सुचलं:

एक मुख मागे पाहे, एक पुढे वळे
उंबऱ्याच्या देवाला या दोन्हीकडचे कळे

चौथीच्या पुस्तकात अशाच चालीची एक कविता होती. प्र. आणि मी ती बाकावर उभं राहून म्हणत होतो, आणि शेवटच्या कडव्याला तो मुद्दाम ताल चुकवायचा, मला हसवायला. मला छडी, तो साळसूद.

कार्डाचा फोटो मित्राला पाठवला. तिचं उत्तर: "काका, छान. पण मुलांसाठी साध्या दोन ओळी पाहिजेत. राजा कोण, देव कोण, धातू काय. कविता नको."

दोनच ओळी होत्या त्या.

११ सप्टें.

क्र. २ ज्युपिटर. हातात वज्र, म्हणजे आपला इंद्रच. क्र. ३ मिनर्वा, ढाल-भाला घेतलेली विद्येची देवी. सरस्वतीच्या हातात भाला दिला तर वर्गात पोरं जरा शांत बसतील. क्र. ४ सालूस, आरोग्याची देवी, वाटीतून सापाला पाजते आहे. ही बाई नागपंचमीला आमच्या गल्लीत खपून जाईल.

भिंगातून पाहून पाहून डावा डोळा पाणावला. मोतीबिंदू काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, आता मुंगीचे पाय मोजाल. मुंगी दिसते. पाय नाही.

ही नाणी प्र.ला कशी मिळाली ते कार्डावर लिहू का? प्र. कामाला होता त्या वीजकेंद्रात टर्बाइन बसवायला इटलीचा एक म्हातारा इंजिनियर आला होता. संध्याकाळी प्र. त्याच्याशी बुद्धिबळ खेळायचा. जाताना त्याने तंबाखूच्या डब्यात ही अकरा कांस्यनाणी घालून दिली. प्र.ने लकडगंजच्या सुताराकडून सागाची पेटी करून घेतली, आत अकरा गोल खळगे, खाली आकडे कोरलेले. पुढे तीस वर्षं रविवारी दुपारी आम्ही दोघं, ती पेटी आणि त्याचं जाडं इंग्रजी पुस्तक. त्याचा नियम एकच. नाणं धुवायचं नाही, घासायचं नाही, रुमालाने पुसायचंसुद्धा नाही. "हा हिरवा-काळा रंग म्हणजे त्याचं वय आहे गा मास्तर. वय पुसशील तर राहिलं काय?"

१२ सप्टें., शुक्र

आज पेटीतला कापूस सगळा उचलला. सात नंबरचा खळगा रिकामा.

१३ सप्टें.

पलंगाखाली, गादीखाली, कपाटामागे. मिळालं ते: कोटाचं बटण, चष्म्याचा स्क्रू, २०१९ सालचं लाइटचं बिल. सौ.ला सांगितलं नाही. तीच म्हणाली, "काय हुडकून राहिले जी सकाळपासून?" म्हटलं, पेन.

१४ सप्टें., रवि

आज पिठाचा डबासुद्धा पाहिला. का पाहिला, माहीत नाही. नाणं पिठात कशाला जाईल? पण माणूस घाबरला की पिठातही हात घालतो. पेटी मीच उघडली असेल मधे कधी, मीच पाडलं असेल, मीच विसरलो असेन. मेलेल्या दोस्ताने अकरा दिली, मी दहा परत करणार. संघमित्राला काय सांगू?

रात्रीचं जेवण गेलं नाही. सौ. म्हणाली, पेन नाही मिळाला म्हणून एवढं?

१५ सप्टें., सोम

सकाळी सांगून टाकलं. ती तूर निवडत बसली होती. म्हटलं, प्रल्हादच्या पेटीतलं सात नंबरचं नाणं हरवलं.

मान वर न करता म्हणाली, "ते तं देवात आहे."

तीन दिवस मी पालथा पडून पलंगाखाली बघतो आहे. आणि ते देवात आहे.

देवघरात जाऊन पाहिलं. तांब्याच्या वाटीत तांदूळ, तांदळात नाणं उभं खोचलेलं. हळद-कुंकू, वर शेवंतीचं फूल. आणि लखलखीत. महालक्ष्म्यांच्या आधी सगळे देव चिंचेने घासले, त्यात हेही घासलं. अठराशे वर्षांचा तो हिरवा-काळा रंग चिंचेने एका दुपारी उतरवला. ज्या रंगासाठी प्र. श्वाससुद्धा जपून घ्यायचा.

मी विचारलं, हे काय आहे तुला माहीत आहे?

"अन्नपूर्णा आहे."

"ती रोमची आहे. फॉर्तुना, नशिबाची देवी. नाणं आहे ते."

"असंन रोमची. जेवत नसंन काय तिथं कोणी?"

१६ सप्टें.

दिवसभर अबोला. माझा. तिला कळलाच नाही, कारण ती एरवीही माझ्या उत्तराची वाट पाहत नाही.

संध्याकाळी एवढंच समजलं: तिच्या माहेरची पितळी अन्नपूर्णा, लग्नात बरोबर आलेली, तिचा हात तुटला तीन वर्षांपूर्वी. खंडित मूर्ती पुजत नाहीत म्हणून कन्हान नदीत नेऊन विसर्जित केली. तेव्हापासून वाटीत सुपारी. "तुम्हाले तीन वर्षं सांगून राहिले, इतवारीतून एक आणून द्या. तुम्ही म्हणता आणतो. महालक्ष्म्यांचं जेवण, सोळा भाज्या, आंबील, आन् अन्नपूर्णेच्या जागी सुपारी. काय वाटत असंन त्याईले?"

कोणाला, महालक्ष्म्यांना की सुपारीला, हे विचारलं नाही.

१८ सप्टें., गुरु

इतवारीत गेलो, सराफ्यात. एका जुन्या दुकानात विचारलं की तांब्या-पितळेचं नाणं घासलं गेलं असेल तर पहिल्यासारखं काळपट करता येतं का.

सोनार माझ्याकडे बघत राहिला. "काका, लोकं चमकवायले आणतात."

म्हटलं, मला काळं पाहिजे.

"होते ना. गंधकाचं पाणी लावतो, दोन घंट्यात शंभर वर्षं जुनं करून देतो. तुम्हाले किती जुनं पाहिजे?"

अठराशे, म्हणणार होतो. त्याने बाजूच्या गिऱ्हाइकाला सांगितलं, काकाजीले जुनं पाहिजे. ते दोघं हसले. मी पण हसलो, काय करणार.

येताना बसमध्ये वाटलं, लावून घ्यावं. मित्राला कळणार नाही. तिने सात नंबर हातात घेऊन नीट कधी पाहिलं असेल? खळग्यात काळं नाणं बसलं की झालं. मग दुसरं वाटलं, की प्र.ची पेटी खोट्या रंगाने भरून मी त्याच्या मुलीच्या हातात देणार आणि वर म्हणणार, घे बाई, बाबांची आठवण.

घरी आलो तर सौ. दारातच. "इतवारीत गेले होते म्हणे. अन्नपूर्णा आणली काय?"

सराफ्याला लागून अख्खी गल्ली पितळी देवांची. दोन्ही बाजूंनी गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा मांडलेल्या. मी तिच्यातून चालत गेलो आणि चालत आलो.

२० सप्टें., शनि

अमावास्या उद्या, परवा घट. त्याआधी नाणं काढून घ्यायचं ठरवलं. अंघोळ केल्याशिवाय हात लावू देईना, म्हणून अंघोळ करून, देवघरासमोर पाट टाकून, भिंग घेऊन बसलो. म्हटलं, निदान नुकसान किती ते बघू.

आणि ते दिसलं.

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी मीच छातीठोक सांगितलं होतं की हिच्या उजव्या हातात सुकाणू आहे, जहाजाचं, म्हणजे ही फॉर्तुना. मळाखाली ती एक तिरकी रेघ होती फक्त. प्र. काही बोलला नव्हता. आता चिंचेने मळ गेला, आणि तो सुकाणू नाही. ओंब्या आहेत. गव्हाच्या ओंब्या, खाली झुकलेल्या, आणि पायाशी धान्याचं माप, आपल्या पायलीसारखं.

प्र.चं पुस्तक काढलं. अन्नोना. रोमच्या वर्षभराच्या धान्याची देवी.

सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "झालं का पाहून? आता ठेवा खाली, नैवेद्य व्हायचा आहे."

मी काही सांगितलं नाही. तिला सांगून काय मिळणार होतं? तिला माहीतच होतं.

२१ सप्टें., रवि, सर्वपित्री

सौ.ने पितरांचं पान वाढलं. कावळा आला लगेच. मागाहून म्हणाली, "प्रल्हादभाऊंच्या नावानं एक घास ठेवला असता. पण त्याईले चाललं नसतं." नसतंच चाललं.

आज तो फार आठवला. आम्ही तिसरीत होतो त्या वर्षीचा दसरा. तो वडिलांबरोबर दीक्षेला गेला होता, पांढरे कपडे घालून. सुट्टी संपल्यावर शाळेत आला आणि मधल्या सुट्टीत म्हणाला, आमच्या घरी आता देव नाहीत. मी विचारलं, मग कोनाड्यात काय आहे? म्हणाला, आईनं देव नदीत सोडले. बाबांनी कोनाड्यात पुस्तकं ठेवली.

मला हेवा वाटला होता. मला सकाळी उठून देवांना फुलं तोडावी लागत. त्याला नाही. एवढंच कळलं मला तेव्हा. त्याच्या आईचा हात ते सोडताना कसा झाला असेल, हे मला साठ वर्षांनी सुचलं, आणि विचारायचं राहून गेलं.

त्या माणसाच्या पेटीतलं नाणं माझ्या घरी हळद-कुंकू लावून बसलं आहे. मित्राला हे दिसलं तर तिला काय वाटेल? काळा रंग गेला हे एक. पण हे दुसरं जास्त आहे. उद्या सकाळी सौ. उठायच्या आत नाणं काढतो, पेटीत ठेवतो, आणि जसं आहे तसं मित्राला देतो.

२२ सप्टें., सोम, घटस्थापना

साडेपाचला उठलो. ती चारला उठली होती.

घट बसला. माती, गहू, कलश, वर नारळ. सगळे देव विड्याच्या पानांवर मांडलेले, आणि मधे, घटाला टेकून, वाटीत ती.

म्हटलं, ते नाणं तेवढं दे.

"आता कसं देऊ? देव घटी बसले."

देव एकदा घटी बसले की नवरात्र उठेपर्यंत हलवत नाहीत. अंघोळसुद्धा घालत नाहीत, वरूनच फूल वाहतात. माझी आई हेच करत होती, आजी हेच करत होती. मी पासष्ट वर्षं ही गोष्ट पाहिली आहे आणि काल झोपताना ती मला आठवली नाही.

कॅलेंडर पाहिलं. यंदा एक तिथी वाढली आहे. नऊ नाही, दहा दिवस. आणि उठणार कधी? दसऱ्याला. मित्रा येणार कधी? दसऱ्याला.

२४ सप्टें.

मित्राचा फोन. "काका, पेटीचा एक फोटो पाठवा ना. काचेच्या पेटीचं माप घ्यायचं आहे."

फोटो काढला. सात नंबरच्या खळग्यावर चष्मा ठेवला, सहज राहून गेल्यासारखा. पाठवला. तिने लिहिलं, "मस्त. चष्मा सांभाळा काका, नाण्यांवर ओरखडे येतील."

२५ सप्टें.

कार्डं ५, ६, ८, ९ झाली. मर्क्युरी, पंखांची टोपी घातलेला व्यापाऱ्यांचा देव. सूर्य, डोक्याभोवती किरण. विक्टोरिया, पंखवाली जयदेवी. स्पेस, आशेची देवी, एका हातात कळी आणि दुसऱ्या हाताने वस्त्राचा घोळ उचलून चाललेली, जशी चिखलातून शाळेत येणारी पोर. हे शेवटचं कार्डावर लिहिलं होतं. मग खोडलं. साध्या दोन ओळी पाहिजेत.

घटातले गहू उगवले. बोटभर पिवळे कोंब, आणि त्यांच्यात ती ओंब्या धरून उभी. आता हे दृश्य मला बघावंसं वाटतं, हाच त्रास आहे.

२७ सप्टें., शनि

आज स्फोट झाला. माझाच. ती माळ चढवत होती. म्हटलं, तू कोणाला विचारून पेटीला हात लावलास? दुसऱ्याची वस्तू. मेलेल्या माणसाची वस्तू. त्याची मुलगी येईल, मी काय तोंड दाखवू?

ती खुर्चीवर बसली. गुडघे दुखतात म्हणून घटासमोर खुर्ची आहे तिची. म्हणाली, "मी कशाले हात लावीन? त्याईनंच दिली मले."

कोणी?

"प्रल्हादभाऊनं. पेटी घेऊन आले त्या दिवशी. तुम्ही दूध आणायले गेले होते. मी म्हटलं भाऊ, यांना तीन वर्षं झाले सांगून राहिले अन्नपूर्णा आणा म्हणून, देवघरात सुपारी ठेवून आहे मी. तं हसले. पेटी उघडली, एक नाणं काढलं, म्हणे वहिनी, ही कोण आहे सांगा. मी पाहिलं. म्हटलं हातात ओंब्या आहेत, अन्नपूर्णा आहे. म्हणे, मास्तरले नका सांगू. त्याले स्वतः हुडकू द्या."

मग?

"मग काय. म्हणे, ठेवा तुमच्याजवळ. माह्याकडे ते नाणं आहे. तुमच्याकडे काय होईन ते होऊ द्या."

सहा महिने. सहा महिने ही बाई हे पोटात ठेवून होती. विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"काहून सांगू? नका सांगू म्हणे ते. त्याईचा शब्द होता."

२८ सप्टें., रवि

झोप लागली नाही नीट. सौ. खोटं बोलत नाही. पण हे फार सोयीचं आहे. मित्रा विचारेल, काका, याला कोणी साक्षीदार? मी म्हणेन, तुझी काकू. कोणत्या दिवशी? मी दूध आणायला गेलो होतो त्या दिवशी.

आणि प्र. असं करेल का? ज्याने कोनाड्यात पुस्तकं पाहिली, तो देवघरात देवी देईल? तो मला चिडवायला काहीही करेल, हे खरं. सौ.ची सुपारी त्याला खुपली असेल, हेही खरं. माझ्या बायकोची अडचण माझ्या आधी त्याला दिसली.

त्याची वही पाहिली, पेटीच्या झाकणात असते. सात नंबरपुढे पेन्सिलीने, तीन वर्षांपूर्वीचं: "मास्तर म्हणतो फॉर्तुना." त्याखाली निळ्या बॉलपेनने, अक्षर थरथरलेलं, म्हणजे नंतरचं: "बघू."

एवढंच. बघू.

३० सप्टें., मंगळ, अष्टमी

इतवारीत गेलो आणि पितळी अन्नपूर्णा आणली. वीतभर नाही, बोटभरच, पण सुबक, हातात पळी. वाटलं, प्रश्न मिटला. ही बसेल, ती निघेल.

सौ.ने कागद उघडून पाहिलं. "चांगली आहे," म्हणाली. परत गुंडाळली. "घट बसल्यावर नवा देव आणते काय कोणी?"

तीन वर्षं आणली नाही ते चुकलं, आणि आणली तेही चुकलं. मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या औषधांच्या खणात ठेवली आहे. रक्तदाबाच्या गोळ्यांजवळ.

१ ऑक्टोबर, बुध, नवमी

कार्डं १० आणि ११ झाली. सातवं कोरं.

सौ.ला सांगितलं, उद्या मित्राला सगळं खरं सांगणार. चिंच, हळद, दूध, वही, सगळं. ती म्हणाली, सांगा. मग थोड्या वेळाने, "तिनं मागितली तं?" मी म्हटलं, तर द्यावी लागेल. तिने पुरणाची डाळ भिजत घातली.

ती लग्न होऊन आली तेव्हा माझ्या आईने पहिल्या दिवशी तिच्या माहेरच्या अन्नपूर्णेला आमच्या देवात जागा करून दिली होती. आमचा बाळकृष्ण थोडा डावीकडे सरकवून. आज बघत होतो तर ती जागा अजून तेवढीच आहे. पन्नास वर्षांत बाळकृष्ण परत मधे आला नाही.

२ ऑक्टो., गुरु, दसरा

मित्रा चारला आली. पांढरी साडी, उन्हाने चेहरा लाल, खांद्याला कापडी पिशवी पुस्तकांनी भरलेली. "काय गर्दी काका, काय गर्दी. पण पुस्तकं मिळाली." सौ. म्हणाली, "ये वं बाई, बस आधी. पाणी पी." पुरणपोळी झाली, बाबांच्या गोष्टी झाल्या. मी पेटी पुढे ठेवली. झाकण तिनेच उघडलं.

सात रिकामा. त्यात कोरं कार्ड.

सगळं सांगितलं. वर्गात धडा म्हणतात तसं, न थांबता. सोनारसुद्धा सांगितला. फोटोतला चष्मा सांगितला, तेव्हा ती हसली.

"बघू?" म्हणाली.

देवघरापाशी गेली. उंबरठ्याबाहेर उभी राहिली. हात जोडले नाहीत, आणि नजरही फिरवली नाही. बराच वेळ बघत होती. घट अजून उठला नव्हता, सौ.चा मुहूर्त संध्याकाळचा. गहू वीतभर झाले होते आणि आडवे पडले होते, त्यातून नाणं चमकत होतं.

सौ. मागून म्हणाली, "पोरी, तुह्या बाबानं दिली मले. मी घेतली नाही."

"काकू, बाबांनी पूजेले दिली असं मले नाही वाटत. पण तुम्हाले दिली, असं वाटते."

"मंग?"

"आमच्याकडे आली तं काचेत राहीन. नाण्यासारखी. पोरं बघतीन, सात नंबर, अन्नोना, कांस्य. कोणी फूल नाही वाहणार. बाबांना तेच पाहिजे होतं, निदान दहा नाण्यांचं तरी. हिचं काय पाहिजे होतं ते त्यांनी लिहूनच नाही ठेवलं."

मी म्हटलं, संध्याकाळी घट उठला की मी स्वतः आणून देतो मौद्याला.

"नको काका. तुमच्या हातून नाही घेत मी."

माझ्या हातून का नाही, विचारलं. जरा रागानेच.

"तुम्ही देऊन टाकाल म्हणून. काकूंनी आपल्या हातानं दिली तं नेईन. नाही दिली तरी मी काही म्हणणार नाही. फक्त कार्ड लिहून द्या. खळगा रिकामा राहिला तं पोरं विचारतीन, सात नंबर कुठं आहे? तिथं खरं काय ते लिहा."

दहा कार्डं घेऊन गेली. पेटी इथेच ठेवून गेली, सातवं कार्ड झालं की नेते म्हणाली. जाताना सौ.ने तिला डब्यात पुरणपोळ्या दिल्या, तिने सौ.ला पिशवीतलं एक पुस्तक दिलं, लहान मुलांचं, मोठ्या अक्षरांचं. "काकू, चष्म्याशिवाय वाचता येते." दोघी फाटकापाशी उभ्या राहून पाच मिनिटं बोलल्या. काय, ते मला ऐकू आलं नाही, आणि विचारल्यावर सौ. म्हणाली, काही नाही, गुडघ्यांचं.

संध्याकाळी घट उठला.

३ ऑक्टो., शुक्र

सकाळपासून कार्ड क्र. ७ पुढ्यात.

"अन्नोना, धान्याची देवी. हे नाणं सध्या मास्तरांच्या घरी आहे." खोडलं. घर मास्तरांचं, देवघर नाही.

"हे नाणं प्रल्हाद यांनी त्यांच्या वहिनींना दिले." दिले, पण कशासाठी, हे पुढे लिहावं लागतं.

एकदा कवितेत पण लिहून पाहिलं. ते तर फाडूनच टाकलं. चाळीस वर्षं मुलांना सांगितलं, उत्तर दोन ओळींत लिहा, मुद्द्याचं लिहा. कोणती मुलं ती, कशी लिहीत होती.

दहाच्या सुमारास सौ.ने दहा दिवसांनी देवांना अंघोळ घातली. एकेक देव पुसून जागेवर ठेवला. बाळकृष्ण डावीकडे, त्याच्या जागी. वाटीत नवे तांदूळ घातले. वाटीवर काही ठेवलं नाही.

नाणं स्वयंपाकघराच्या ओट्यावर, ओल्या फडक्यावर.

म्हटलं, आत ठेवायचं आहे की पेटीत?

"ओली आहे अजून," म्हणाली.

ऑक्टोबरचं नागपूरचं ऊन. खिडकीतून सरळ ओट्यावर येतं. धुतलेलं पातेलं इथे पाच मिनिटांत वाळतं.

बारा वाजता पाहिलं, तिथेच. औषधाच्या खणातून नवी मूर्ती काढून ओट्यावर तिच्याजवळ ठेवली, कागदासकट. तिने भाजी चिरायची फळी जरा सरकवली, मूर्तीला जागा केली, आणि चिरत राहिली. मी तिच्या हाताकडे बघत होतो तर म्हणाली, "जेवायले वेळ आहे, जा तुम्ही, लिहा आपलं."

आता चार वाजलेत. फडकं कडक वाळलं आहे. नाणं तिने मधे कधीतरी उलटं करून ठेवलं. देवी खाली, राजाचं तोंड वर.

विचारलं. दुसरी बाजू वाळायची आहे, म्हणाली.